विश्वास कोणत्या काट्यावर मोजायचा? हलाल मालाच्या उदाहरणावरून एक पाठ



मागच्या अंकात आपण लोणच्याच्या बरणीची किंमत कशी काढायची ते शिकलो. कच्चा माल, तेल, बरणी, गॅस, मजुरी, गाडीभाडं, सगळं मांडलं. वजन काट्यावर होतं, किंमत कागदावर निघते. पण बरणी हातात घेऊन गिऱ्हाईक मनात काय म्हणतं, ते कशावर मोजायचं? आजचा पाठ त्याचा आहे. उदाहरण मुद्दाम अवघड घेतलंय, ते म्हणजे हलाल मालाचं. एक तर आपल्या कोकणातल्या बऱ्याच गटांची रमजानमधली विक्री मुस्लिम मोहल्ल्यांवर चालते. आणि दुसरं म्हणजे या बाबतीत माझ्याच गटाने चांगला मार खाल्लाय. तो आधी सांगते, मग शिकायचं काय ते बघू.

ईदच्या आधीचा आठवडा होता. तालुक्याच्या बाजारात आमचा स्टॉल. चिकन लोणच्याच्या ६० बरण्या, सोबत मसाला, तांदळाचे पापड, कोकमाचं आगळ. अंतर्गत कर्जातून ७,००० रुपये उचलले होते. आदल्या रात्री आमच्यातली एक जण म्हणाली, झाकणावर 'हलाल' लिहू या, पटापट जातील. मार्कर घेतला आणि ६० झाकणांवर लिहून मोकळ्या झालो. खोटं लिहितोय असं कुणाच्या मनातही आलं नाही. पहिल्या घाण्याची कोंबडी नेहमीच्या मुस्लिम खाटकाकडूनच घेतलेली. दुसऱ्या घाण्याच्या दिवशी त्याचं दुकान बंद होतं, म्हणून दुसरीकडून आणली. तिथे कापणारा कोण, कशी कापली, कुणी विचारलंच नाही.

एक वयस्कर खाला आल्या. बरणी उचलली, झाकण वाचलं आणि विचारलं, "हलाल कुणी केली?" मी म्हटलं, "अहो खाला, एकदम ताजी आहे, बघा तरी." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बरणी होती तिथे ठेवली आणि गेल्या. भांडण नाही, आवाज नाही. संध्याकाळपर्यंत त्या मोहल्ल्यातलं एकही माणूस आमच्या स्टॉलवर फिरकलं नाही. पापडसुद्धा खपले नाहीत. ६० पैकी ११ बरण्या गेल्या.

पैशाचं दुःख होतंच, पण खरं नुकसान पुढे कळलं. आमच्या गटात दोन मुस्लिम सदस्य आहेत. त्यातल्या एकीला तिच्याच गल्लीत विचारलं गेलं, "तू त्या गटात असताना असं कसं लिहिलं?" तिला तर झाकणांबद्दल काही माहीतच नव्हतं, ती त्या रात्री आली नव्हती. पुढच्या तीन बैठकांना ती आली नाही. शेवटी आम्ही चौघी तिच्या घरी गेलो, चूक कबूल केली, उरलेल्या बरण्यांची झाकणं पुसली. तिने चहा दिला आणि एकच विचारलं, "मला आधी का नाही विचारलंत?" त्याला आमच्याकडे उत्तर नव्हतं.

खाऊनही न कळणारी गोष्ट

मालाचे गुण तीन तऱ्हेचे असतात. पहिला गुण डोळ्यांना दिसतो: मसाल्याचा रंग, पापडाची जाडी. दुसरा खाल्ल्यावर कळतो: चव, तिखटपणा. तिसरा मात्र खाऊन संपवलं तरी कळत नाही. मध शुद्ध होता का, भाजीवर औषध मारलं होतं का, कोंबडी हलाल होती का, हे जीभ सांगू शकत नाही. अर्थशास्त्रात या तिसऱ्या गुणाचा विचार १९७३ साली डार्बी आणि कार्नी या दोघांनी मांडला. आपल्याला नावं लक्षात ठेवायची गरज नाही, गोष्ट आपल्या घरातलीच आहे. एकादशीला बाजारातून साबुदाण्याचा चिवडा आणताना तुम्ही विचारता की नाही, हा कुठल्या तेलात तळला? त्याच कढईत आधी कांदाभजी तळली असतील तर? चव घेऊन ते कळणार नाही. म्हणून तुम्ही दुकानदाराचा चेहरा बघता, आणि तो चाचरला की पुडा परत ठेवता. खालांनी नेमकं तेच केलं.

अशा मालात गिऱ्हाईक वस्तू विकत घेत नाही, आपला शब्द विकत घेतं. म्हणून तो शब्द किती वजनाचा आहे हे अधूनमधून मोजून बघावं लागतं.

आधी विषय समजून घ्या

ज्याबद्दल विचारायचं ते आपल्यालाच माहीत नसेल तर सर्वेक्षणाचा कागद वाया जातो. हलाल हा अरबी शब्द, अर्थ 'परवानगी असलेलं'. उलट शब्द हराम. मधे एक जागा आहे, मशबूह, म्हणजे शंका असलेलं. धार्मिक माणूस शंकेचंही टाळतो. मांसाच्या बाबतीत जनावर जिवंत असताना, धारदार सुरीने, अल्लाहचं नाव घेऊन गळ्यावर कापायचं आणि रक्त वाहून जाऊ द्यायचं. कापणारा मुसलमान आहे ना, हेही आपल्याकडचं गिऱ्हाईक बघतं. पण गोष्ट मांसावर संपत नाही. डुकराची चरबी, दारू, जनावराच्या कातड्याहाडांतून काढलेलं जिलेटिन, केकच्या इसेन्समधला अल्कोहोल, हे सगळं त्यात येतं. बेकरीच्या गटांनी इसेन्सची बाटली एकदा वाचून बघावी.

आणि 'मुस्लिम गिऱ्हाईक' असा एकच गठ्ठा करू नका. आपले कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. त्यांच्यात समुद्रातलं मासे-कोळंबी सगळं चालतं, त्यासाठी हलाल करायचा प्रश्नच येत नाही. देशावर आणि मराठवाड्यात बहुतेक हनफी. तिथे कोळंबीबद्दल मतभेद आहेत, काही घरं खातात, काही टाळतात. म्हणजे कोळंबीचं लोणचं रत्नागिरीत हातोहात गेलं म्हणून परभणीच्या प्रदर्शनात तेवढंच जाईल असं धरून चालू नका. तिथलं मोजमाप तिथेच करायचं.

देशावरच्या अनेक गावांत जत्रेचा बोकड मुलाणी हलाल करायचे आणि तो सगळा गाव खायचा. त्याला कधी लेबल लागलं नाही. मुलाणी कोण, त्याचे वडील कोण, सुरी कशी धरतो, हे गावाला ठाऊक होतं. आपण ओळखीच्या गावाबाहेर विकायला लागलो आणि तिथे लेबलाची गरज सुरू झाली.

पहिला फसवा प्रश्न

सर्वेक्षण म्हटलं की आपण पहिला प्रश्न लिहितो: "हलाल असणं तुमच्यासाठी महत्त्वाचं आहे का?" हा प्रश्न खोडून टाका. कुणीही 'हो'च म्हणणार. तोंडावर 'नाही' कोण म्हणेल? ज्या प्रश्नाला सगळ्या एकच उत्तर देतात त्यातून काहीच मोजलं जात नाही. सगळ्यांना सारखीच उंची दाखवणारी पट्टी काय कामाची?

आम्ही चिंचोक्यांची रीत वापरतो. लिहिता-वाचता न येणारी बाईही ती करू शकते. गिऱ्हाइकापुढे ५ चिंचोके आणि एक वाटी. अजिबात पटत नसेल तर वाटी रिकामी, पूर्ण पटत असेल तर पाचही चिंचोके वाटीत. प्रश्न असे ठेवा: या बरणीवर जे लिहिलंय ते खरं असेल असं किती वाटतं? बनवणाऱ्या बायकांना यातलं कळतं असं किती वाटतं? काही चूक झाली तर त्या आपणहून सांगतील असं किती वाटतं? हे तीन प्रश्न वेगवेगळे आहेत हं. एखादी म्हणेल, बायका प्रामाणिक आहेत पण त्यांना हलालमधलं कळत नाही. आमच्याबद्दल अगदी हेच मत होतं. प्रामाणिकपणा वाढवून तो प्रश्न सुटणार नव्हता, शिकून घ्यायला हवं होतं. फक्त 'विश्वास आहे का' असं विचारलं असतं तर हे कळलंच नसतं.

आता हिशोब. समजा ३० जणींना पहिला प्रश्न विचारला आणि वाट्यांतले चिंचोके मिळून ७२ भरले. ७२ भागिले ३०, सरासरी २.४. पाचांत अडीचच्या खाली. बरं, पण इथे थांबू नका. वहीत प्रत्येकीपुढे एक खूण करा: ही आपल्या गटातल्या कुणाला ओळखते की नाही. समजा ओळखणाऱ्या १० जणींचे चिंचोके ४१ आणि न ओळखणाऱ्या २० जणींचे ३१. मग पहिलीची सरासरी ४.१ आणि दुसरीची १.५५. बघा, २.४ हे मत जवळपास कुणाचंच नाही! ओळखीत आपली पत आहे, ओळखीबाहेर ती जवळजवळ नाही. त्यामुळे उपायही दोन वेगळे. ओळखीतल्यांना फक्त माल द्यायचा. बाहेरच्यांना पुरावा दाखवायचा.

कोण विचारतंय यावर उत्तर बदलतं

मी विचारायला गेले तेव्हा मोहल्ल्यातल्या बायका म्हणाल्या, "छान आहे, छान आहे." पाणी दिलं, बसवलं, पण ताकास तूर लागू दिला नाही. तेच आमच्या मुस्लिम सदस्य भाभी गेल्या तेव्हा चार गोष्टी बाहेर आल्या. पण तिथेही एक गोम आहे. भाभींना बघून काही जणी म्हणाल्या, "तुम्ही आहात ना, मग काय बघायचं?" तो विश्वास भाभींवरचा झाला, बरणीवरचा नाही. म्हणून निम्म्या घरी एकीने, निम्म्या घरी दुसरीने जायचं आणि वहीत विचारणारीचं नाव लिहायचं. दोघींच्या आकड्यांत फरक पडला तर तोही कामाचा आकडा आहे. जी विकायला बसते तिने मात्र विचारायला जाऊ नये. तिच्या तोंडावर कोण वाईट सांगणार!

आणखी एक चूक आम्ही केली. सगळे प्रश्न बायकांना विचारले, आणि मग कळलं की बऱ्याच घरांत मटण-चिकन आणायला पुरुष जातात. आणतो एक, शिजवते दुसरी, आणि 'हे नको' म्हणणारी सासू तिसरीच. "तुमच्या घरी मांस आणतं कोण आणि नको म्हणतं कोण?" हा प्रश्न सगळ्यात आधी घाला.

तोंडापेक्षा हात खरे

आवड मोजायची तर "जास्त पैसे द्याल का?" असं विचारू नका. विचारलं की सगळ्या 'देऊ' म्हणतात, पाकीट काढायची वेळ आली की गणित बदलतं. त्यापेक्षा स्टॉलवरच करून बघा. एकाच घाण्याच्या २० बरण्या घ्या. दहांवर नेहमीचं लेबल, किंमत १४० रुपये. दहांवर जास्तीची एक चिठ्ठी: कोंबडी कोणत्या खाटकाकडून घेतली, कोणत्या दिवशी, गटाचा फोन नंबर, किंमत १५० रुपये. दोन्ही शेजारी मांडा आणि कुणालाही आग्रह करू नका. दिवसाअखेर कुठल्या किती उरल्या ते मोजा. चिठ्ठीला खर्च रुपया-दीड रुपया. चिठ्ठीच्या बरण्या आधी संपल्या तर गिऱ्हाईक पुराव्याला पैसे मोजतंय. दोन्ही सारख्याच गेल्या, तरी वरचे दहा रुपये मिळालेच. साध्या बरण्याच जास्त गेल्या तर किंमत आड येते की चिठ्ठी वाचलीच जात नाही, ते पुढच्या बाजारी दोन्हींची किंमत सारखी ठेवून बघा. खाटकाचं नाव छापण्याआधी त्याला विचारा मात्र, त्याची संमती हवीच.

दुसरं मोजमाप परत येण्याचं. पहिल्यांदा घेणाऱ्या गिऱ्हाइकापुढे वहीत टिंब करा, तीच परत आली की टिंबाभोवती गोल. महिन्यात २५ नवी गिऱ्हाइकं आली आणि दोन महिन्यांत त्यातली ९ परत आली, तर ९ भागिले २५ गुणिले १००, म्हणजे शंभरात ३६. हा आकडा दर तीन महिन्यांनी काढा. माझ्या मते कुठल्याही चिंचोक्यांपेक्षा हा आकडा खरा, कारण इथे कुणी कुणाचं मन राखत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात सोपी आणि आम्हाला सगळ्यात जास्त शिकवून गेली. स्टॉलवर एक वही ठेवली आणि गिऱ्हाइकाने विचारलेला प्रत्येक प्रश्न जसाच्या तसा लिहीत गेलो. उत्तर नाही, फक्त प्रश्न. हलाल कुणी केली? व्हिनेगर घातलंय का, आणि कशाचं? रंग कुठला? आणि एक प्रश्न आम्ही स्वप्नातही धरला नव्हता: "ही बाटली आधी कशाची होती?" कोकमाचं आगळ आपण सर्रास भंगारातून आणलेल्या, धुतलेल्या दारूच्या बाटल्यांत भरतो. आम्हाला वाटायचं, कोकमात हलाल-हरामचा काय संबंध? कोकमात नव्हता, बाटलीत होता. कितीही उकळून धुतली तरी त्या आकाराची बाटली बघून बाई पुढे जायची, आणि चिंचोक्यांच्या वाटीत हे कधीच दिसलं नसतं, कारण तो प्रश्न आम्ही घातलाच नव्हता. नव्या बाटल्या आणल्या. बाटलीमागे खर्च वाढला, पण नंतर असं दिसलं की वारकरी घरंही तीच नवी बाटली मागतात. त्यांनाही ती जुनी खटकत होती, बोलत नव्हते एवढंच.

शिक्का मारायचा की नाही?

बैठकीत हा प्रश्न येणारच, म्हणून थोडक्यात. आपल्या देशात खाद्यपदार्थ विकायला अन्न सुरक्षेची नोंदणी लागते, हलालचं प्रमाणपत्र लागत नाही. ते खासगी संस्था देतात आणि ते घेणं ऐच्छिक आहे. परदेशात पाठवायचं असेल तर गोष्ट वेगळी. इंडोनेशियाने २०१४ साली कायदाच केला आणि ऑक्टोबर २०२४ पासून मोठ्या-मध्यम खाद्य उद्योगांना प्रमाणपत्र सक्तीचं झालं; घरगुती उद्योगांना जास्तीची मुदत दिली आणि कमी जोखमीच्या पदार्थांसाठी, प्रशिक्षित मदतनीसाने तपासल्यावर, स्वतः जाहीर करायची सोय ठेवली. उलट उत्तर प्रदेश सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये हलाल प्रमाणपत्र असलेल्या मालाच्या विक्रीवर, निर्यात सोडून, बंदी घातली आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयात याचिका गेल्या. तिकडच्या प्रदर्शनाला जाणाऱ्या गटांनी निघण्याआधी लेबल तपासून घ्यावं.

आपल्या तालुक्यातही या शब्दावरून हल्ली स्टॉलवर वाद होतात, ते लपवण्यात अर्थ नाही. काही गिऱ्हाईक तो शब्द बघून येतं, काही तोच बघून जातं. माझं मत असं की मसाला-पापडांवर तो शब्द छापायची गरज नाही. ज्यात मांसच नाही त्यावर हिरवी खूण आणि घटकांची खरी यादी पुरते. उगाच लिहिलं तर उलट 'यात काय होतं?' अशी शंका येते. मांसाच्या पदार्थावर मात्र खाटकाचं नाव आणि तारीख लिहा. ज्याला ते हवंय त्याला त्यातून सगळं कळतं, आणि ज्याला नकोय त्यालाही आपण अंधारात ठेवत नाही. प्रमाणपत्र नसताना शिक्क्यासारखं चित्र छापू नका. लेबलावरच्या खोट्या मजकुराला अन्न सुरक्षा कायद्यात दंड आहे. तुमच्या गटाचं मत वेगळं पडलं तर पडू दे, पण ते सगळ्या सदस्य हजर असताना ठरवा. मार्कर आदल्या रात्री काढू नका.

आमच्या बरणीमागे आता घाण्याचा नंबर असतो. खाटकाकडून पावती घेतो, ती वहीत चिकटवतो, त्यावर भाभींची सही. त्यांनीच नियम घातलाय की नेहमीचं दुकान बंद असेल त्या दिवशी घाणा करायचा नाही. गेल्या रमजानच्या आधी दोन वेळा कांदा-लसूण चिरून तयार होतं आणि कोंबडी नाही म्हणून दिवस वाया गेला. बायका कुरकुरल्या. मीही कुरकुरले. ४० बरण्या केल्या होत्या, ३४ गेल्या. त्या खाला अजून आलेल्या नाहीत. त्यांची सून येऊन मसाला घेऊन जाते, लोणच्याला हात लावत नाही. वहीत तिच्या टिंबाभोवती दोन गोल झालेत, पण मसाल्याच्या पानावर.

तुमच्यासाठी काम

पुढच्या मासिक बैठकीत तुमच्या गटाचा एक पदार्थ निवडा, ज्याचा काही गुण खाऊनही कळत नाही. मांसाचाच असायला हवा असं नाही. उपवासाचं पीठ, गावठी तूप, मध, काहीही चालेल. दोन बाजारांत प्रश्नांची वही ठेवा. मग किमान २० गिऱ्हाइकांकडून चिंचोके घ्या आणि ओळखीच्या व बिनओळखीच्यांची सरासरी वेगवेगळी काढा. भागाकार अडला तर गटातल्या कुणाच्या शाळेत जाणाऱ्या मुलीला बसवा. वहीच्या पानांचे फोटो प्रभाग समन्वयक ताईंकडे पाठवा. गिऱ्हाइकांची नावं मात्र त्यावर नकोत. सगळ्यात अनपेक्षित प्रश्न ज्या गटाला मिळतील, त्यांची पानं पुढच्या अंकात छापू.